कापडी लंगोट की वापरून फेकायचे डायपर? आधी धुण्याचा हिशेब मांडा

बाळ येणार म्हटलं की घरात डायपरवरून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "कापडीच बरे, आमची सगळी लंगोटावरच वाढली." दुसरा म्हणतो, "रात्रीची झोप हवी असेल तर सरळ डायपरचा पुडा आणा." दोघंही बाळाच्या त्वचेबद्दल तावातावाने बोलतात, पण रोजची बादली कोण उचलणार याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी दोन्ही प्रकार वापरलेत, आधी वेगवेगळे आणि मग सोबतीने. वेळेवर बदलले तर बाळाला दोन्ही चालतात, असं माझं मत झालं आहे. घराला काय झेपतं, एवढंच ठरवायचं असतं. म्हणून दुकानात जायच्या आधी मोरीपासून सुरुवात करू.

१. पहिल्या दीड महिन्यात धुणार कोण, ते आधी ठरवा

"आपण सगळे मिळून करू" हे उत्तर धरू नका. एका माणसाचं नाव घ्या. बाळंतिणीचं नाव पुढे येत असेल, तर पहिल्या काही आठवड्यांपुरता कापडीचा आग्रह सोडा. टाके ओले असताना ओल्या कपड्यांनी भरलेली बादली उचलणं तिच्या तब्येतीला परवडणारं नाही, आणि मशीन लावलं तरी वाळत घालायला वाकावं-उभं राहावं लागतंच.

नाव ठरलं की या गोष्टी बघा:

- पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळी?
- मशीन आहे का, आणि ते रोज किंवा एक दिवसाआड लावता येईल का?
- ऊन किंवा निदान वारा लागेल अशी वाळत घालायची जागा आहे का? जाड कापडी डायपर ढगाळ, दमट हवेत वाळायला दीड-दोन दिवसही घेतो.
- कचरा रोज उचलला जातो का? वापरलेल्या डायपरची पिशवी तीन दिवस घरात राहणार असेल तर तोही त्रासच.
- आई-वडील दोघंही कामाला जाणार असतील, तर दिवसा बाळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला कापडी डायपर चालणार आहेत का?

धुणारा हात पक्का आणि वाळवायला जागा असेल, तर दिवसा कापडी आणि रात्री वापरून फेकायचे, ही मांडणी बहुतेक घरांना जमते. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर वापरून फेकायचे आणा आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. अर्धवट वाळलेला लंगोट बांधण्यापेक्षा कोरडा डायपर केव्हाही बरा.

२. बाळ किती वेळा भिजवणार, याचा अंदाज घ्या

नवीन आई-वडिलांचा इथे हमखास अंदाज चुकतो. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळ फारच कमी शू करतं: पहिल्या दिवशी एखादी, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं. पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध नीट मिळू लागलं की चोवीस तासांत निदान सहा वेळा तरी भरपूर शू झाली पाहिजे. ही मोजणी महत्त्वाची असते. आईच्या दुधाला मापाची रेघ नसते, त्यामुळे बाळाचं पोट भरतंय की नाही हे भिजलेल्या लंगोटांवरूनच कळतं.

शी धरली तर पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा बदल सहज होतात. पुढे ते आठ, मग सहा असे कमी होत जातात.

साध्या सुती लंगोटाचा इथे मोठा फायदा आहे, कारण ओलं झालेलं लगेच दिसतं. वापरून फेकायच्या डायपरमध्ये थोडी शू आत कुठे जाते ते कळतही नाही. बऱ्याच डायपरवर मधोमध एक पिवळी रेघ असते, ती ओल लागली की निळी-हिरवी होते. ती नसेल तर आत कागदी रुमालाचा तुकडा ठेवा. बदलताना तो ओला लागला की शू झाली. कोरडा आणि वापरलेला डायपर दोन हातांत घेऊन वजनाचा अंदाजही येतो.

सुरुवातीला घाबरवणाऱ्या काही गोष्टी इथेच सांगून टाकते. पहिले दोन-तीन दिवस शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती आईच्या पोटात असतानाच साठलेली असते. नंतर ती हिरवट आणि मग पिवळी होते. आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी आणि बारीक दाणेदार असते, ते जुलाब नव्हेत. पहिल्या दिवसांत लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसू शकतो, तो लघवीतल्या क्षारांचा असतो. मात्र दूध सुरळीत झाल्यावरही तो दिसत राहिला तर डॉक्टरांना सांगा. मुलींच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा पुसटसा डाग येऊ शकतो, तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि आपोआप थांबतो.

३. कापडीमध्ये काय काय मिळतं, ते समजून घ्या

"कापडी डायपर" या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात. दुकानदाराला विचारलं तर तो सगळ्यात महाग तोच पुढे करतो.

साधा लंगोट किंवा चौकोनी कापड. एकेरी सुती, दोरीचा किंवा घडी घालून बांधायचा. सगळ्यात स्वस्त, धुवायला सगळ्यात सोपा आणि तासाभरात वाळणारा. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड फाडून घरीही करता येतो. तोटा एकच. शू थेट दुपट्यावर, चादरीवर आणि ज्याच्या मांडीवर बाळ असेल त्याच्यावर येते. लंगोट कमी धुता, पण दुपटी जास्त धुता.

घडीचा जाड पॅड आणि वरून कव्हर. आतला पॅड सुती असतो. वरचं कव्हर पॉलिस्टरचं, त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून पाणी बाहेर येत नाही. फक्त शू झाली तर पॅड बदलायचा, कव्हर पुसून पुन्हा वापरायचं. शी कव्हरला लागली तर मात्र तेही धुवायला टाकायचं. मला स्वतःला हाच प्रकार सगळ्यात व्यवहारी वाटतो. पॅड वेगळे वाळतात, म्हणून लवकर वाळतात, आणि कव्हरं थोडी घेऊनही भागतं.

पॉकेट डायपर. बाहेरचं जलरोधक कापड आणि आतला कोरडा वाटणारा थर यांच्यामध्ये खिसा असतो, त्यात शोषणारा पॅड सरकवायचा. घालायला अगदी वापरून फेकायच्या डायपरसारखा, त्यामुळे पाळणाघरात किंवा पाहुण्यांकडे सोयीचा. धुताना पॅड खिशातून बाहेर काढावाच लागतो, आणि वाळल्यावर पुन्हा भरत बसावं लागतं.

सगळं एकत्र शिवलेला. घालायला सर्वांत सोपा, वाळायला सर्वांत हट्टी. कडा चिमटीत धरल्या तर कोरड्याठाक लागतात, पण मधल्या शिवणीपाशी दाबलं की बोटाला गारवा जाणवतो. वाळवायला ऊन कमी असेल तर हा घेऊच नका.

आतल्या पॅडचं कापडही बघून घ्या. मायक्रोफायबर चटकन शोषतं, पण बाळाला उचलून कडेवर घेतलं की दाब पडून स्पंजासारखं पिळलं जातं आणि मांडीपाशी गळतं. ते थेट त्वचेला लावायचं नसतं, कारण त्वचेचा ओलावाही ओढून घेतं. सुती कापड मध्यम आणि भरवशाचं. बांबूच्या धाग्याचं कापड मऊ आणि जास्त शोषणारं, पण वाळायला वेळ घेतं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, हळू शोषतं, मात्र धरून ठेवतं भरपूर. म्हणून रात्री वर सुती आणि खाली हेम्प अशी जोडी चांगली चालते.

आणखी एक सूचना. "एकच माप, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत" असं लिहिलेले टिचबटणांचे डायपर नवजात बाळाला सहसा मोठे होतात. मांडीपाशी फट राहते आणि सगळं तिथून बाहेर येतं. बाळ साधारण चार किलोच्या पुढे गेलं की ते नीट बसायला लागतात. तोवर साधे लंगोट किंवा नवजात मापाचे डायपर वापरा.

४. वापरून फेकायच्या डायपरच्या आत काय असतं

बाळाच्या अंगाला लागतो तो वरचा थर पॉलिप्रॉपिलीनचा, त्याखाली लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा भुगा आणि त्यात मिसळलेले सोडियम पॉलिअक्रिलेटचे कण, आणि बाहेरून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. खरं काम ते कण करतात. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून त्यांची जेली होते आणि दाबलं तरी ती जेली द्रव सोडत नाही. हे कण १९८० च्या दशकात डायपरमध्ये आले आणि तेव्हापासून डायपर पातळ झाले. एखादा फाटलेला डायपर बाळाला बांधला गेला तर त्वचेवर साबुदाण्यासारखे पारदर्शक मणी चिकटलेले दिसतात. ती हीच जेली. ओल्या कापडाने पुसून घ्या, विषबाधा वगैरे होत नाही.

निवडताना महिन्यांकडे बघू नका, पुड्यावर लिहिलेलं वजन बघा. दोन मापांच्या सीमेवर असाल आणि रात्री गळत असेल तर मोठं माप घ्या. मांडीवर लाल वळ उठणं, चिकटपट्ट्या जेमतेम टोकाला पोचणं आणि शी पाठीकडून वर येणं, ही माप लहान झाल्याची लक्षणं आहेत.

पट्टीचे आणि चड्डीसारखे असे दोन प्रकार मिळतात. नवजात बाळाला पट्टीचेच घ्या. नाळ गळेपर्यंत पुढची कड नाळेच्या खाली दुमडावी लागते, ते पट्टीच्या डायपरमध्ये सोपं जातं, आणि रात्री तीनला दोन्ही पाय चड्डीत घालत बसावं लागत नाही. बाळ पालथं पडून पळायला लागलं की चड्डीच्या डायपरला पर्याय नाही. ते काढताना खाली ओढू नका, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडा. नाहीतर शी पायभर पसरते.

"बारा तास कोरडा" हे शब्द शोषण्याच्या क्षमतेबद्दल असतात. बाळाला बारा तास तसंच ठेवायची ती परवानगी नव्हे. दिवसा तीन-चार तासांत बदला, शी झाली तर लगेच.

५. खर्चाचा हिशेब स्वतः मांडा

जाहिरातीतली बचत वाचू नका, कागद-पेन घ्या. पहिला महिना रोज १० डायपर म्हणजे ३००. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत रोज ८ म्हणजे १,२००. सातव्या ते बाराव्यापर्यंत रोज ६ म्हणजे १,०८०. दुसरं वर्ष रोज ५ म्हणजे १,८२५. दोन वर्षांची बेरीज ४,४०५. याला तुमच्या दुकानातल्या एका डायपरच्या किमतीने गुणा. लहान मापाचे स्वस्त आणि मोठे महाग असतात, म्हणून मधल्या मापाची किंमत धरा.

कापडी बाजूला डायपरांच्या किमतीत धुण्याची पावडर, पाणी, वीज आणि धुणाऱ्याला पैसे देत असाल तर तेही मिळवा. त्यानंतर एक प्रश्न विचारा, कारण कापडीची बचत त्यावरच उभी असते: हे डायपर तुम्ही खरंच दीड-दोन वर्षं वापरणार का? कपाटात पडून राहिलेले वीस सुंदर कापडी डायपर हा सगळ्यात महाग पर्याय आहे. आणि ते कपाटात पडून राहतात ते बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच्या प्रश्नाचं उत्तर खोटं दिल्यामुळे.

पर्यावरणाचं म्हणाल तर तिथेही धुण्यावरच घोडं अडतं. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब केला, तेव्हा वापरून फेकायच्या डायपरमुळे साधारण ५५० किलो आणि कापडीमुळे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. म्हणजे जवळपास बरोबरीच. पण कापडी डायपर भरलेल्या मशीनमध्ये धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले तर तोच आकडा सुमारे २०० किलोंनी खाली येत होता. उलट मशीनमध्ये गरम हवेने वाळवले आणि फार कडक पाण्यात धुतले की फायदा जातो. २०२३ साली तिथल्याच सरकारने नवा हिशेब प्रसिद्ध केला, त्यात कापडीचं पारडं साधारण २५ टक्क्यांनी वरचढ ठरलं. कचऱ्याचा ढीग मात्र कापडीत निर्विवादपणे कमी, त्याला अभ्यासाची गरज नाही.

६. पहिली खरेदी: थोडीच

बाळ यायच्या आधी एवढंच आणून ठेवा:

- साधे सुती लंगोट, दोन डझन
- नवजात मापाच्या, पट्टीच्या डायपरचा एकच लहान पुडा. बाळ वजनदार निघालं तर मोठा पुडा तसाच पडून राहतो
- दोन-तीन जलरोधक कव्हरं आणि त्यात बसतील असे सहा पॅड, चाचणीपुरते
- खाली अंथरायचे जलरोधक तुकडे, निदान तीन
- पुसायला मऊ सुती फडकी. बाहेर जाताना बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले ओले रुमाल
- झिंक ऑक्साइड असलेलं मलम
- झाकणाची बादली आणि जाळीची पिशवी

पुढचे कापडी डायपर दोन-तीन प्रकारांचे एकेक आणून, आठवडाभर वापरून, मगच वाढवा. पूर्ण कापडीवर राहायचं असेल आणि एक दिवसाआड धुणार असाल तर वीस ते चोवीस पॅड आणि सहा-आठ कव्हरं पुरतात. रोज धुणार असाल तर पॅड त्याच्या निम्मे चालतील, फक्त वाळायला वेळ लागणार असेल तर चार-सहा जास्त ठेवा.

जुने लंगोट-दुपटी कुणी प्रेमाने दिली तर जरूर घ्या, पण ती डांबरगोळ्या घालून ठेवलेली असतील तर बाळाच्या अंगाला तशीच लावू नका. त्यातल्या नॅप्थालीनमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता वरून बघून कळत नाही. वाफ कपड्यात मुरून बसते. अशा कपड्यांचा मोह सोडलेला उत्तम.

७. धुणं: सगळी मेख इथे आहे

कापडीबद्दलच्या तक्रारी, म्हणजे वास, गळती, रॅश, यांतल्या बऱ्याचशा धुण्यात सुरू होतात. नवा पॅड आणला आणि लगेच बांधला की गळतो, कारण सुती, बांबू आणि हेम्पच्या कापडावर तेलकट अंश असतो. आधी तीन-चार वेळा धुऊन वाळवा, तेव्हा कुठे ते पुरतं शोषायला लागतं. पॅडवर चमचाभर पाणी ओता. थेंब वर तरंगत राहिला तर अजून धुवायचंय.

रोजचा क्रम असा ठेवा.

शी असेल तर ती आधी संडासात झटका, उरलेली नळाच्या धारेखाली घालवा. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात विरघळते, तिचा फार बाऊ करू नका. शूचे पॅड पाण्यातून खंगाळून, पिळून बादलीत टाका.

बादलीत पाणी भरून ठेवू नका. भिजत घातलेल्या लंगोटांना वास येतो, लवचीक पट्ट्या खराब होतात, आणि रांगणारं मूल घरात असेल तर भरलेली बादली हा जिवाला धोका आहे. कोरडी, हवा खेळणारी बादली आणि जास्तीत जास्त दोन दिवसांचा साठा, इतकंच पुरे.

मशीनमध्ये आधी थंड पाण्याचा एक छोटा फेरा, मग नेहमीच्या पावडरचा पूर्ण मापाने मोठा फेरा. पाणी ४० ते ६० अंश, कव्हरवरची चिठ्ठी वाचून. "बाळाचं आहे, पावडर चिमूटभरच टाका" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि त्यानेच लंगोट नासतात. पावडर कमी पडली की लघवीचा अंश कापडात राहतो, त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि सकाळी डायपर उघडल्याबरोबर डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प येतो. पावडर पूर्ण घ्या, खंगाळणं दुप्पट करा. शेवटच्या पाण्यात फेस दिसता कामा नये. हाताने धुणार असाल तरी हाच नियम.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य अजिबात घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड शोषेनासं होतं. जंतुनाशक द्रवाची रोज गरज नसते, उलट त्याचा अंश राहिला तर नाजूक कातडीला चुरचुरतं. व्हिनेगर, कडक ब्लीच यांनी कव्हरची लवचीक पट्टी लवकर सैल पडते.

पॅड उन्हात, कव्हरं सावलीत वाळवा. पिवळे डाग ओल्या पॅडवर ऊन पडलं की आपोआप फिके होतात, घासत बसू नका. कव्हर दोरीवर टाकताना लवचीक बाजूवर वजन येईल असं लटकवू नका.

हे सगळं एका कागदावर चार ओळींत लिहून मशीनच्या वर चिकटवा: कुठलं बटण, किती पावडर, काय घालायचं नाही. घरात धुणारे हात बदलतात आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. मदतीला आलेल्या मावशी मायेपोटी सुगंधी द्रव्य ओततात, त्यांना दोष कसा देणार?

८. बांधताना

कमरेशी दोन बोटं सहज जातील इतकं सैल, मांडीशी फट न राहील इतकं घट्ट. बांधून झालं की दोन्ही मांड्यांशी बोट फिरवून झालर बाहेर ओढा, ती आत दुमडलेली राहिली की हमखास गळतं. कव्हर वापरत असाल तर आतल्या पॅडची कड कुठेही बाहेर डोकावता कामा नये. एवढीशी ओली कड सगळा झबला भिजवते.

मुलगा असेल तर त्याची शूची जागा खालच्या दिशेला ठेवून बांधा, नाहीतर शू पोटाकडून वर येते. मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे. पाय मात्र दोन्ही प्रकारांत बेडकासारखे मोकळे, गुडघ्यात वाकलेले राहू द्या. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळणं खुब्याच्या सांध्याला वाईट. कापडी डायपरच्या जाडीने पाय थोडे फाकलेले राहतात म्हणून चालायला उशीर होतो, ही भीती मनातून काढून टाका.

९. रॅश आलं तर पक्ष बदलण्याआधी हे करा

डायपर रॅश ओल, घर्षण आणि शी यांच्या एकत्र येण्याने होतं. शीमधली पाचक विकरं ओलसर कातडीवर काम करू लागतात आणि कातडी सोलवटते. म्हणून कुठल्या प्रकारचा डायपर यापेक्षा तो किती वेळ अंगावर होता हे जास्त महत्त्वाचं. तरी फरक आहे. वापरून फेकायचे ओल आत ओढून घेतात, त्यामुळे रात्री ते बरे पडतात. कापडी वारंवार बदलावे लागतात, म्हणजे दर दोन-तीन तासांनी, आणि बदलणारा आळशी असेल तर कापडीत रॅश जास्त.

कोमट पाण्याने धुवा, चोळू नका, टिपून कोरडं करा आणि दिवसातून काही वेळ बाळाला उघडंच पडू द्या. त्यानंतर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर. कापडी वापरत असाल तर मलम आणि पॅड यांच्यामध्ये पातळ कापडाचा एक तुकडा ठेवा, नाहीतर मलम पॅडमध्ये मुरतं आणि तो पॅड पुढे शोषत नाही. पावडर लावू नका, ती श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाते.

लाली जांघेच्या घड्यांत गडद असेल आणि तिच्या कडेला सुटे लाल ठिपके दिसत असतील, तर बहुधा बुरशीचा संसर्ग आहे, त्याला वेगळं औषध लागतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, फोड किंवा पू दिसला, ताप आला, तर डॉक्टरांकडे जा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून डायपरखाली लावू नका. झाकलेल्या जागी ते नेहमीपेक्षा जास्त शोषलं जातं.

१०. रात्र, प्रवास, पाळणाघर

इथे मी निःसंकोच वापरून फेकायच्या बाजूची आहे. बाळ झोपलेलं असेल, शी झालेली नसेल आणि डायपर ओतप्रोत भरलेला नसेल तर फक्त बदलण्यासाठी त्याला उठवू नका.

बाहेर जाताना कापडीच वापरायचे असतील तर आतून जलरोधक अशी चेनची पिशवी घ्या, ओले लंगोट त्यात घालून घरी आणता येतात. पाळणाघरात द्यायचं असेल तर पॅड आधीच भरून ठेवलेले पॉकेट डायपर द्या, आणि आधी एकदा तिथल्या ताईंना बांधून दाखवा.

वापरलेले डायपर फेकताना शी आधी संडासात झटका, मग डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा आणि कागदात गुंडाळून, वेगळा ओळखू येईल असा ठेवा. तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करतं. डायपर आणि ओले रुमाल संडासात सोडू नका, नळी तुंबतेच.

११. सहा महिन्यांनी मांडणी बदला

बाळाचं वरचं खाणं सुरू झालं की शी घट्ट आणि वासाची होते. कापडी वापरणाऱ्यांना हा खरा अवघड टप्पा. पॅडवर पातळ अस्तर टाका, शी त्यावर गोळा होते आणि उचलून झटकता येते. त्याच सुमाराला बाळ एका वेळी जास्त शू करू लागतं, म्हणून जुने एकेरी पॅड अपुरे पडतात. एकाच्या जागी दोन घाला, नवे डायपर घेण्याची घाई नको. आणि एरवी दर काही तासांनी ओला होणारा डायपर अचानक सहा-आठ तास कोरडा राहिला, तर ती बचत समजू नका. बाळाच्या अंगातलं पाणी कमी झाल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना फोन करा.

दुसऱ्या बाळासाठी ठेवून द्यायचे असतील तर पूर्ण वाळवून, सुती पिशवीत ठेवा. पुन्हा काढाल तेव्हा कव्हर दोन्ही हातांनी ताणून बघा. लवचीक पट्टी करकरली आणि मागे आली नाही, किंवा आतला चकचकीत थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर ते कव्हर गेलं. पट्टी शिंप्याकडून बदलून मिळते, पण सुटलेला थर पुन्हा बसत नाही. पॅड मात्र बहुतेक चांगले निघतात. अगदीच विरलेले असतील तर ओटा पुसायला.